डिस्पोजलच्या वन टनचं स्टेअरिंग: कुठला भाग बदलायचा आणि कसा

माझी वन टन, म्हणजे फौजेने लिलावात (डिस्पोजलमध्ये) काढलेला छोटा ट्रक, घरी आली तेव्हा स्टेअरिंग ढिलं वाटत होतं. जुनी गाडी म्हटल्यावर एवढं चालायचंच, असं समजून मी ती तीन महिने तशीच चालवली. माळशेज घाटही उतरवला. पावसाळ्याआधी ग्रीस भरायला खाली शिरलो आणि ड्रॅग लिंकच्या, म्हणजे स्टेअरिंगच्या बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीच्या, टोकाशी हात थांबला. जिथे प्लग फिरू न देणारी स्प्लिट पिन असायला हवी तिथे कुणीतरी खिळा वाकवून घातला होता. तो गंजून निम्मा झाला होता. तुटला असता तर दांडीच्या टोकाचा आट्यांचा प्लग हळूहळू सुटत गेला असता, आणि एखाद्या वळणावर हातातलं स्टेअरिंग नुसतंच गरगर फिरलं असतं. त्या दिवशी मी गाडी जागेवर उभी केली ती पुढचे दीड महिने हलवली नाही. त्या दीड महिन्यात जे शिकलो ते नव्याने अशी गाडी घेणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो आहे.

इथे डोळ्यांसमोर गाडी आहे ती जबलपूरला निस्सानच्या परवान्याखाली बनलेली वन टन. तिची धाकटी बहीण म्हणजे जोंगा. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलं आणि १९६९ ते १९९९ अशी तीस वर्षं ती तयार होत होती. दोघींना तेच ३,९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पुढे अखंड अ‍ॅक्सल, त्यावर पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), आणि पॉवर स्टेअरिंग नाही. ओतीव लोखंडाचं ते इंजिन सगळा भार पुढच्या चाकांवर टाकतं, त्यामुळे स्टेअरिंगचे सांधे इतर कशाहीआधी झिजतात. फौजेत ग्रीस ठरल्या वेळी पडतं. गाडी लिलावात निघाली, वर्ष-दोन वर्षं मैदानात उभी राहिली, मग कुणीतरी घेतली, इंजिन सुरू केलं, रंग दिला. ग्रीस कुणाच्या ध्यानात राहत नाही. शक्तिमान, म्हणजे फौजेचा मोठा ट्रक, असेल तर सगळं याहून जड आहे, पण काम करायची रीत हीच.

कागदांबद्दल एवढंच: गाडी लिलावातली असेल तर लष्करी अधिकाऱ्याने दिलेला फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, हातात असल्याशिवाय सुट्या भागांवर एक रुपयाही घालू नका. त्याशिवाय आरटीओत नोंदणी अडते. जुनी लष्करी नंबर प्लेट शिल्लक असेल तर वर टोक असलेल्या बाणानंतरचे दोन आकडे बघा. गाडी फौजेने कोणत्या वर्षी घेतली ते त्यातून कळतं, आणि भाग शोधताना तेच वर्ष सांगावं लागतं.

आधी झीज शोधा

स्टेअरिंग ढिलं आहे म्हटलं की भोवतीचे सगळे सांगतात, "बॉक्स गेला." निम्म्या वेळा बॉक्स ठीक असतो. हाताच्या चाकापासून रस्त्यावरच्या चाकापर्यंत एक साखळी आहे: स्टेअरिंग कॉलम, बॉक्स (स्टेअरिंगचे गिअर असलेला डबा), बॉक्समधून निघणारा ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, नकलवरचा (चाक धरून वळणाऱ्या भागावरचा) स्टेअरिंग आर्म, दोन्ही चाकांना जोडणारा टायरॉड, नकल ज्यांवर वळते ते दोन किंगपिन, आणि शेवटी व्हील बेअरिंग. प्रत्येक सांध्यात अर्धा मिलिमीटर झीज असली तरी ती सगळी एकावर एक चढते आणि हाताशी येईपर्यंत चार बोटं होते. म्हणून एकच भाग बदलून फरक पडत नाही तेव्हा लोक गाडीला दोष देतात.

तपासायला दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलकेच हलवायचं, फक्त ढिलेपणा संपेपर्यंत, चाकं वळवायची नाहीत. दुसऱ्याने खाली आडवं होऊन एकेका सांध्यावर पंजा ठेवायचा, अर्धा पंजा एका भागावर आणि अर्धा दुसऱ्यावर. एक भाग हलतो आणि दुसरा उशिरा हलतो, ते बोटांना लगेच कळतं. डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा, कारण चिखल आणि जुनं ग्रीस डोळ्यांना फसवतं. प्रत्येक सांध्याला खडूने खूण करा: ठीक, संशयास्पद, गेलेला. बॉक्स चॅसीला जिथे बोल्टने धरलेला आहे तिथेही हात ठेवा. माझ्या गाडीत सगळ्यात जास्त हलत होता तो बॉक्स स्वतः, कारण चारपैकी एक बोल्ट सैल होता. तिथे चॅसीला बारीक तडा असतो का, तेही तारेच्या ब्रशने घासून बघा.

मग पुढचं एक चाक जॅकने उचलून स्टँडवर टेका आणि चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा. हललं तर एकतर व्हील बेअरिंग, नाहीतर किंगपिन. ओळखायची युक्ती सोपी आहे: मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. हालचाल थांबली तर बेअरिंग ढिलं होतं. थांबली नाही तर किंगपिनचं काम आहे. त्यानंतर ९ आणि ३ वर धरून हलवलं की टायरॉडचे सांधे बोलायला लागतात. पाट्यांचे यू बोल्ट आणि पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या शॅकलचे बुशही याच वेळी बघून घ्या. अ‍ॅक्सलच इकडेतिकडे सरकत असेल तर नवेकोरे टायरॉड एंड (टायरॉडच्या टोकाचे बॉलचे सांधे) लावूनही गाडी रस्त्यावर भरकटत राहील.

भाग कुठून आणि कसे निवडायचे

वन टन आणि जोंगाचे भाग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत चोर बाजाराच्या गल्ल्यांत विचारत फिरावं लागतं. हरियाणातल्या मंडी डबवालीत जुन्या जीप नव्याने बांधणाऱ्यांची मोठी वस्ती आहे, तिथूनही लोक माल मागवतात. फौजेचा न वापरलेला माल मिळाला तर तो मेणकागदात, घट्ट ग्रीसमध्ये गुंडाळलेला असतो आणि वर पार्ट नंबर असतो. लोखंड उत्तम, पण रबराची टोपी वयाने कडक झालेली असते आणि आतलं ग्रीस मेणासारखं गोठलेलं. रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, नवं ग्रीस भरून, बॉल हाताने फिरतो का बघा. तो सगळीकडे सारख्याच जोराने फिरला पाहिजे, कुठे अडकता कामा नये आणि कुठे एकदम सुटता कामा नये.

"दुसऱ्या गाडीचा टायरॉड एंड बसतो" असं सांगणारे दुकानदार भेटतील. बसतो म्हणजे आत जातो, एवढंच. टायरॉड एंडचा दांडा निमुळता असतो आणि तो आर्मच्या निमुळत्या भोकात पूर्ण उंचीभर घट्ट बसला तरच भार पेलतो. नट फक्त त्याला खाली ओढून धरतो. निमुळतेपणात थोडा फरक असला तर दांडा फक्त वरच्या किंवा खालच्या कडेवर टेकतो, रोज किंचित हलतो, आणि एक दिवस तुटतो. तपासायला दांड्यावर मार्किंग ब्लूचा (टेकलेली जागा दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ हात फिरवा, भोकात दाबून थोडं फिरवा आणि काढून भोक बघा. रंग सगळीकडे सारखा उमटला तर बसला. नुसती एक कडी उमटली तर तो भाग परत करा, कितीही स्वस्त असला तरी.

कामाला सुरुवात

जागा कठीण आणि सपाट हवी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, हँडब्रेक, आणि पुढे अ‍ॅक्सलखाली दणकट स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली पाय घालायचा नाही. विटा तर नाहीतच, वीट सांगून फुटत नाही.

चाक काढताना दोन गोष्टी बघा. जुन्या लष्करी गाड्यांपैकी काहींना डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्याचे असतात. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल अक्षर असेल तर नट उलटा फिरवायचा, नाहीतर तो तुटतो. दुसरी गोष्ट जिवावरची आहे. काही गाड्यांचा रिम दोन भागांचा, बोल्टने जोडलेला असतो. चाक अ‍ॅक्सलला धरणारे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग धरणारे वेगळे. हवा भरलेली असताना रिमचे नट सोडले तर रिमचा अर्धा भाग तोफगोळ्यासारखा उडतो. अशा चाकाला हात लावण्याआधी व्हॉल्व्हचा गाभा काढून सगळी हवा सोडून द्या.

टायरॉड एंड

सगळ्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी तारेचा ब्रश. मग काहीही सोडण्याआधी मोजमाप: टायरॉडच्या एका बॉलच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर लिहून घ्या आणि दोन्ही टोकांना बाहेर दिसणारे आटे मोजा. हे दोन आकडे हातात असले की शेवटी टो-इन (पुढच्या चाकांचा पुढून किंचित आत कल) लावताना निम्मं काम झालेलं असतं. मोबाइलने फोटो काढा, पण आकडे कागदावर लिहा.

स्प्लिट पिन काढा, कॅसल नट (वर खाचा असलेला नट) सैल करा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे धरलेले असू द्या, म्हणजे सांधा सुटला की दांडी तोंडावर पडणार नाही. आता दोन हातोड्या घ्या. एक जड हातोडी आर्मच्या डोळ्याला, म्हणजे भोकाभोवतीच्या कड्याला, एका बाजूने टेकवून धरा आणि दुसरीने नेमका समोरून, डोळ्याच्या बाजूवर जोरात ठोका. ठोका लोखंडाच्या डोळ्यावर, दांड्याच्या आट्यांवर नाही. डोळा क्षणभर लंबगोल होतो आणि निमुळता दांडा टक्कन सुटतो. दोन-तीन ठोक्यांत नाही सुटला तर पुलर (स्क्रूने ओढून सांधा सोडवणारं अवजार) लावा, ताण द्या आणि पुन्हा बाजूने ठोका. दुतोंडी फाळ ठोकून काढायची पद्धतही आहे, पण ती रबराची टोपी फाडते, म्हणून भाग टाकूनच द्यायचा असेल तेव्हाच.

गॅसची ज्योत लावून तापवणं हे सगळ्यात जलद आणि सगळ्यात वाईट. स्टेअरिंग आर्म उष्णता-प्रक्रियेने कठीण केलेला असतो. लाल होईस्तोवर तापवला की ती कठीणता जाते, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. स्टेअरिंगच्या कोणत्याही भागावर वेल्डिंग करू देऊ नका. वाकलेला टायरॉड ठोकून सरळ करायचा नाही, नवा आणायचा. लेथवाले आणि वेल्डर चांगले कारागीर असतात, ते हौसेने "करून देतो" म्हणतात. तरी इथे हट्टाने नाही म्हणा.

टायरॉडच्या एका टोकाला सरळ आटे, दुसऱ्याला उलटे असतात. त्यामुळेच मधली दांडी फिरवली की लांबी कमी-जास्त होते. जुना एंड काढताना फेरे मोजा, नवा तितकेच फेरे आत घाला आणि दोन्ही बाजूंना साधारण सारखे आटे आत जातील असं बघा. एंडवर दांडी आवळणाऱ्या क्लॅम्पच्या खाचेच्या पुढपर्यंत आटे पोचलेच पाहिजेत. भोक आणि दांडा कोरड्या फडक्याने पुसा, निमुळत्या भागाला ग्रीस लावायचं नाही. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. स्प्लिट पिनचं भोक खाचेसमोर आलं नाही तर नट आणखी थोडा आवळायचा, कधीही मागे सोडायचा नाही. भोक नटाच्या पार वर निघालं तर दांडा भोकात जास्त खोल गेला आहे, म्हणजे आर्मचं भोक झिजलं आहे. खाली वॉशर घालून ते लपवू नका, आर्म बदला. स्प्लिट पिन दर वेळी नवी.

ड्रॅग लिंक आणि ड्रॉप आर्म

जुन्या पद्धतीच्या ड्रॅग लिंकमध्ये टोकाला पोकळ नळी असते. तिच्यात वाटीसारखे दोन तुकडे, त्यांच्या मध्ये बॉल, मागे स्प्रिंग, आणि शेवटी आट्यांचा प्लग, त्याला आडवी स्प्लिट पिन. माझ्या खिळ्याची जागा हीच. उघडताना कोणता तुकडा कोणत्या क्रमाने बाहेर येतो ते वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवा, कारण दोन टोकांचा क्रम वेगळा असू शकतो. बॉलची झीज व्हर्नियरने दोन दिशांनी मोजा. एका दिशेला कमी भरला तर तो अंडाकृती झालाय. अशा बॉलवर नव्या वाट्या बसवून घट्ट केलं की सरळ जाताना ठीक, वळताना अडकतं. बॉल बदला, तो ड्रॉप आर्मचाच भाग असेल तर आर्म बदला. जोडताना प्लग पूर्ण आवळून मग पिनची पहिली खाच समोर येईल इतका मागे सोडा. बॉल हाताने हलला पाहिजे, पण खडखडला नाही पाहिजे.

ड्रॉप आर्म बॉक्सच्या शाफ्टवर दातेरी खाचांत बसतो. काढण्याआधी आर्म आणि शाफ्टवर एकाच रेषेत छिन्नीची बारीक खूण करा. एक दात चुकला तर गाडी एका बाजूला पूर्ण वळेल आणि दुसऱ्या बाजूला कमी. मोठा नट सोडायचा आणि पुलरनेच काढायचा. शाफ्टच्या टोकावर घण घालू नका, तो मार थेट आतल्या रोलरवर आणि वर्मवर (आट्यांच्या गिअरवर) बसतो आणि चांगला बॉक्स खराब होतो. निघालेला आर्म स्वच्छ करून तडे बघा: रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरडा पुसा, वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर त्यात शिरलेलं तेल पांढऱ्या पुडीवर रेघ काढून दाखवतं.

बॉक्स

बॉक्सची परीक्षा ड्रॅग लिंक सुटलेली असतानाच होते. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर आणा. बॉक्स मध्यावर सगळ्यात घट्ट राहील असाच बनवलेला असतो, त्यामुळे ढिलेपणा काढायचा स्क्रू फक्त मध्यावर फिरवायचा. आधी कॉलमचा वर-खाली ढिलेपणा शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) काढा, मगच तो स्क्रू, एकेक अष्टमांश फेरा. जरा जास्त झालं तर वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही, आणि ते ढिल्या स्टेअरिंगपेक्षा जास्त धोक्याचं आहे.

ऑइल सील गळतं म्हणून बॉक्समध्ये ग्रीस कोंबलेलं अनेक गाड्यांत सापडतं. ग्रीस वर्मच्या दातांपासून बाजूला ढकललं जातं आणि तिथेच राहतं, परत येत नाही. सील बदला आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलं गिअर ऑइल भरा. निघालेलं तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, बेअरिंगवर गंजाचे ठिपके शोधा.

किंगपिन

हे काम पहिल्यांदा एकट्याने करू नका. हब, ड्रम, स्टब अ‍ॅक्सल, नकलचं घर, सगळं उतरतं, आणि आत पुढच्या चाकांची ड्राइव्ह आहे. शेजारी अनुभवी मिस्त्री असू द्या. तुम्ही स्वतः दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. वरचे आणि खालचे शिम वेगवेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठी लावून. आणि बसवताना घट्टपणा अंदाजाने नाही, स्प्रिंगच्या वजनकाट्याने: टायरॉड न जोडता आणि सील न लावता, आर्मच्या भोकात काट्याचा हूक अडकवून नकल ओढायची, ती फिरायला किती ओढ लागते ते वाचायचं आणि मॅन्युअलच्या आकड्याशी जुळवायचं.

टो-इन

सगळं जोडून झालं की गाडी स्टँडवरून उतरवा आणि पाटे सैलावण्यासाठी चार हात पुढे ढकला. पुढच्या दोन्ही टायरांच्या मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर, टायरच्या मध्यावर खडूची खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. मध्ये अ‍ॅक्सल आडवा येत असेल तर गवंड्याचा ओळंबा सोडून जमिनीवर मोजा. आता गाडी तेवढीच पुढे ढकला की त्याच खुणा पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर येतील. पुन्हा मोजा. त्याच खुणा वापरल्यामुळे रिम वाकडा असला तरी मापात चूक येत नाही. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवं, नेमकं किती ते मॅन्युअल सांगतं, पण गोष्ट काही मिलिमीटरची आहे. टायरॉड अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर तो लांब केल्याने टो-इन वाढतं, पुढे असेल तर उलट होतं.

गाडी सरळ जाते पण स्टेअरिंगचा आडवा दांडा तिरका दिसतो, असं झालं तर स्टेअरिंग काढून सरळ बसवायचा मोह होतो. तसं केलं तर बॉक्स मध्यावरून कायमचा सरकलेला राहतो आणि सरळ रस्त्यावर नेमका त्याच्या ढिल्या भागात चालतो. ड्रॅग लिंकची लांबी जुळवता येत असेल तर तिथे दुरुस्त करा, नाहीतर ड्रॉप आर्मचा दात तपासा. शेवटी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा: नकलवरचा स्टॉप बोल्ट आधी टेकला पाहिजे, बॉक्स आतून संपण्याआधी. टायर पाट्याला आणि ब्रेकच्या पाइपला लागत नाही ना, क्लॅम्पचे बोल्ट अ‍ॅक्सलला घासत नाहीत ना, तेही तेव्हाच कळतं.

रस्त्यावर

पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने, ब्रेक मारून आणि दोन्हीकडे पूर्ण वळून. मग २०, मग ४०. एखाद्या ठरावीक वेगाला खड्डा लागल्यावर पुढची चाकं जोरजोराने फडफडायला लागली तर वेग हळूहळू कमी करत थांबा आणि घरी येऊन क्रमाने बघा: टायरचा तोल आणि हवा, व्हील बेअरिंग, किंगपिन, टायरॉड, ड्रॅग लिंक, यू बोल्ट. अशा वेळी स्टेअरिंग डँपर (धक्के शोषणारा दांडा) लावून घ्या असा सल्ला सगळीकडे मिळतो. फडफड थांबते खरी, पण झिजलेला सांधा तसाच राहतो आणि तो आता तुम्हाला जाणवत नाही. आधी सांधे, मग हवं तर डँपर.

गाडी चालू लागल्यावर प्रत्येक कॅसल नटावर आणि त्याच्या शेजारच्या आर्मवर मिळून रंगाची एक आडवी रेघ मारा. शंभर किलोमीटरनंतर टॉर्च घेऊन खाली जा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे. ग्रीस निपल सगळे पुसून, नवं ग्रीस टोपीच्या कडेने डोकावेपर्यंत भरा, आणि पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेली की त्याच आठवड्यात पुन्हा. माझ्या वन टनच्या खणात आता वेगवेगळ्या मापांच्या स्प्लिट पिनांची एक डबी कायम असते. तो खिळाही त्याच डबीत आहे.